खाजकुइरी बोलतेय

कास्तेलफोस्को,
७ ऑक्टोबर १९७९

तुझ्या या डबड्यातून मला कॅनडातला एक न्हावी ऐकू येतो, आणि डोंगरापलीकडचा सख्खा भाऊ ऐकू येत नाही. हे कसलं यंत्र माझ्या स्वयंपाकघरात बसवून गेलास, मेल्या?

आता रीतीप्रमाणे. चि. लोरिस यास आजी झेलिंदाचे अ. उ. आ. इकडे गुडघे सोडून सर्व क्षेम. जर्मनीत जेवतोस काय ते कळव. मागच्या पत्रात नुसतं कारखान्याचं पुराण होतं.

जाताना तू म्हणालास, आजी, एक रेडिओ तुझ्याकडे, एक मामाआजोबांकडे, आता बटण दाबून हवं तेव्हा भांडा. माझ्या छपरावर तो लांबलचक खांब उभा केलास. पाद्रीबुवांनी विचारलं की देवदूतांसाठी अड्डा बांधलास का. रेडिओवर कुणी खरं नाव सांगत नाही म्हणून तू मला खाजकुइरी हे नाव ठेवलंस, तेही मी गिळलं. रोज दुपारी जेवण झालं की बटण दाबते आणि खाजकुइरी बोलतेय, फिओरेन्झो, ऐकतोस का, असं ओरडते. उत्तर देतो कोण? तर टोरांटोचा न्हावी. वस्तरा म्हणवतो स्वतःला. मूळचा आपल्याच खालच्या खोऱ्यातला, अगदी शेजारच्या खोलीत बसल्यासारखा स्वच्छ बोलतो. त्याच्या सासूचं पित्त, सुनेचं बाळंतपण, सगळं मला पाठ झालंय. माझ्या भावाचं मात्र काही कळत नाही.

हे गमतीत घेऊ नकोस. उन्हाळ्यात डॉक्टरांनी फिओरेन्झोची छाती ऐकून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की याचं हृदय थकलंय, बर्फ पडायच्या आत याला खाली आणा, वर अडकला तर आम्हाला काही करता येणार नाही. बायको आदेले वारल्यापासून तो त्या वरच्या पाड्यावर एकटा, सोबतीला चार शेळ्या आणि हट्ट. टेलिफोनची तार तिथे कधी गेली नाही. मला चढ चढवत नाही. चेस्टनट वेचायला गेलेली पोरं येऊन सांगतात की म्हातारा मजेत आहे. त्यांना काय कळतंय? धाप लागली की तो दारात चौकट धरून कसा उभा राहतो ते त्यांनी कुठे बघितलंय?

तेव्हा यंत्र दुरुस्त कसं करायचं ते लगेच लिही. मोठं पत्र नको, उपयोगाचं लिही.

तुझी,
आजी

---

श्टुटगार्ट,
१८ ऑक्टोबर १९७९

ती. आजीस लोरिसचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. चूक माझी आहे, यंत्राची नाही. खांब बसवून झाल्यावर मी गाडी घेऊन वरच्या खिंडीत गेलो आणि गाडीतल्या रेडिओवरून आधी तुझ्याशी बोललो, मग मामाआजोबांशी. दोघं खणखणीत ऐकू आलात, म्हणून मी खूश होऊन निघून आलो. मी डोंगराच्या माथ्यावर होतो हे लक्षातच आलं नाही. तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला लावून बघायला हवं होतं, ते राहिलं.

आपल्या रेडिओचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो. मध्ये डोंगर आला की संपला. पण तोच आवाज वर आकाशातही जातो, आणि यंदा सूर्य असा तापलाय की दुपारी तो वरून उलटून थेट समुद्रापलीकडे उतरतो. म्हणून तुला टोरांटो ऐकू येतं. मामाआजोबा बोलतात ते कदाचित त्या न्हाव्यालाही ऐकू येत असेल, फक्त तुला नाही. हसू नकोस, खरंच असं होतं.

जास्त ताकदीचं यंत्र आणून उपयोग नाही. ते बेकायदाही आहे आणि डोंगर काही बाजूला होणार नाही. इलाज एकच. आम्हा रेडिओवाल्यांत याला पूल म्हणतात. ज्याला तुम्ही दोघं ऐकू येता असा कुणीतरी मध्ये बसतो, तुझं त्याला सांगतो, त्याचं तुला. समोरच्या घाटात, वळणावरच्या घरातून तुझं छप्परही दिसतं आणि वरचा पाडाही. तिथल्या बाईकडे रेडिओ आहे, नवऱ्याच्या ट्रकचा. रेडिओवरचं नाव चांदणी.

कोण ते तू ओळखलंस. आजी, चिडू नकोस. ओत्ताविया मावशीशिवाय त्या बाजूला हिवाळ्यात दुसरं कुणी राहत नाही. मी तिला वेगळं पत्र टाकलंय.

रजा मिळायची लक्षणं नाहीत. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला की आजीचा भाऊ म्हणजे नातेवाईक नव्हे. जेवतो नीट. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लोरिस

---

कास्तेलफोस्को,
११ नोव्हेंबर १९७९

चि. लोरिस यास अ. उ. आ.

तुझा पूल कोसळला. कसा ते ऐक.

त्या बाईशी मी तिच्या लग्नापासून बोललेली नाही. माझ्या भावाशी साखरपुडा करून ट्रकवाल्याच्या मागे गेली, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. तरी फिओरेन्झोसाठी मी तिला हाक मारली. चांदणी, त्या गाढवाला सांग की शेळ्या वीक आणि चालता हो खाली, डोंगरावर मरायचंच असेल तर उन्हाळ्यात मर, आम्हाला प्रेत उतरवायला सोपं जाईल. एवढं साधं बोलले.

ती त्याला काय सांगते ते मला ऐकू येतं, त्याचं तेवढं येत नाही. माझ्या कानांनी ऐकलं. फिओरेन्झो, तुझ्या बहिणीला तुझी फार आठवण येते, ती म्हणते जमलं तर ये. जमलं तर! माझ्या तोंडात असला शब्द कधी शिरलाय का? मग जरा खरखर, आणि ती मला सांगते की तो मजेत आहे, लाकडं फोडतोय, तुला पापा पाठवलाय. बाप्तिस्म्यापासून आजवर त्याने कुणाला पापा पाठवलेला नाही. तेव्हाच मला कळलं की ही दोन्हीकडे साखर पेरतेय.

रोज तेच. मी विचारते की जिना चढताना धाप लागते का, ती सांगते की लाकडं फोडतोय. एवढी लाकडं फोडली असती तर वरचं रान बोडकं झालं असतं. काल माझा तोल गेला. मी म्हटलं की तरुणपणी त्याला चर्चच्या दारात उभा करून पळालीस, आता म्हातारपणी त्याच्या तोंडातले शब्दही पळवतेस का? हे उघड्या चॅनेलवर, बरं का. औषधवाला ऐकत होता, बसचा ड्रायव्हर ऐकत होता. आज दोघंही माझ्याशी अदबीने बोलतात.

खट्ट असा आवाज आला, आणि तेव्हापासून चांदणी नाही. मी हाका मारते. न्हावी उत्तर देतो.

वरच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलंय. औषधवाल्याच्या मुलाला वर पाठवलं होतं, त्याच्यापुढे फिओरेन्झो बाकावर बसून राहिला, उठलाच नाही, चीज दिलं आणि वाटेला लावलं. बसून का राहिला, हे पोराने विचारलंही नाही.

तू तिला लिही. मी माफी मागणार नाही, पण तू लिही. पत्र लवकर पोचलं तर उपयोग, नाहीतर तुमच्या टपालाला मी ओळखून आहे.

तुझी,
आजी

---

घाट-वळण,
२० नोव्हेंबर १९७९

चि. लोरिस यास ओत्ताविया मावशीचे आशीर्वाद.

तुझ्या आजीने मला जे ऐकवलं ते सगळ्या खोऱ्याने ऐकलं, एकट्या फिओरेन्झोला सोडून. त्याला ती ऐकू येत नाही ना. त्याने मला विचारलं की ती काय म्हणाली. मी सांगितलं की घरात मीठ पुरेसं आहे का म्हणून विचारतेय. तो इतका हसला की त्याला खोकला आवरेना. म्हणाला, माझी बहीण आणि मिठाची चौकशी? तिने शिव्या घातल्या असणार, एखादी तरी सांग.

बाळा, तुला खरं सांगते, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं. लाकडं फोडतोय असं सांग, हे त्यानेच मला शिकवलं. तो आडवा झोपू शकत नाही, श्वास कोंडतो, खुर्चीतच रात्र काढतो. पायात जोडा जात नाही. मी म्हटलं की अजून वाट उघडी आहे, खाली जा. तर म्हणतो, तिच्या घरी गेलो की मी आजारी माणूस, इथे मी फिओरेन्झो. त्याने आदेलेच्या आत्म्याची शपथ घालून मला तुझ्या आजीपुढे गप्प केलंय. ती शपथ मी मोडायची तरी कशी? मी टाकून गेलेल्याला आदेलेने सांभाळलं, तिचं मी आधीच पुष्कळ देणं लागते.

तुझ्या आजीच्या तोंडाला घाबरून मी चॅनेल बदलला. फिओरेन्झो आणि मी संध्याकाळी दुसऱ्या चॅनेलवर बोलतो. पण थोडंच, त्याचा रेडिओ ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो आणि ती भरायला ट्रॅक्टर हँडल मारून सुरू करायची ताकद आता त्याच्या हातात उरलेली नाही.

माझे पाय तू बघितलेस, अंगणापलीकडे जात नाहीत. इथून मला त्याचा धूर दिसतो. सकाळी धूर दिसला की मी चहा ठेवते. तू तिथून काय करणार, हे मलाही कळतं. तरी लिहिते.

आठवण ठेव.
ओत्ताविया

---

कास्तेलफोस्को,
९ डिसेंबर १९७९

ओत्ताविया,

सा. न. वि. वि. असं तुला लिहायला माझा हात धजत नाही, तेव्हा ते लिहिलं असं समज. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हे पत्र तुझ्या दारात टाकेल. तुझा घाट तेवढा ते उघडा ठेवतात. वरच्या पाड्यावर माणसं राहतात हे सरकारला माहीत नाही.

मला सगळं कळलंय. लोरिसकडून नाही, त्याचं पत्र अजून कुठल्यातरी पोत्यात असेल. न्हाव्याने सांगितलं.

परवा दुपारी तो वस्तरा मला विचारू लागला की बाई, तुमच्या गावच्या बोलीत एक म्हातारा रोज याच वेळी याच चॅनेलवर खाजकुइरी, खाजकुइरी अशी हाक मारतो, तुम्ही त्याला उत्तर का देत नाही, भांडण आहे का? ओत्ताविया, तो फिओरेन्झोच. आपला आवाज मला पोचत नाही हे त्या गाढवाला माहीत आहे. तरी रोज दुपारी हाक मारतो. मीही रोज दुपारी तेच करते. दोघं एकाच वेळी, एकाच डोंगरावर डोकं आपटत होतो.

मग न्हाव्याने पूल केला. माझा शब्द समुद्र ओलांडून गेला आणि समुद्र ओलांडून या मागच्या डोंगराआड उतरला. त्या माणसाला तुझ्यासारखी साखर पेरता येत नाही. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीला साबण लावून ठेवून तो सगळं जसंच्या तसं सांगत होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत. झोप खुर्चीत. घरातलं सरपण संपत आलंय, गोठ्यातलं आणायला गेलं तर परत यायला दम उरत नाही. आणि आदेलेची शपथ घालून चांदणीला खोटं बोलायला मीच लावलं, तिला रागावू नकोस, हेही. मी त्याला माझ्याकडे होत्या तेवढ्या शिव्या घातल्या. न्हाव्याने एकही गाळली नाही. म्हणाला की म्हातारा हसतोय, फार वेळ हसतोय, आता खोकतोय, आता काही ऐकू येत नाही. मग न्हावीही विरत गेला. काल आला नाही, आज आला नाही. त्याचा आवाज आकाशावरून उलटून येतो, असं लोरिसने लिहिलं होतं; आकाश मिटलं की न्हावी नाही.

वनखात्याची माणसं गेली होती, बीच झाडांच्या रानापर्यंत पोचून परत आली, वरून बर्फाचे कडे कोसळतायत. हेलिकॉप्टरवाले म्हणतात, ढग उठल्याशिवाय नाही. ढग कधी उठणार ते डॉक्टरांना माहीत नाही, पाद्रीबुवांना माहीत नाही, टेलिव्हिजनवाल्यालाही माहीत नाही. मी खिडकीत बसून डोंगराला शिव्या देते. दुसरं काही माझ्या हातात नाही.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय. मीठ अजिबात खायचं नाही. चीजही नाही. शेळ्यांसाठी बाहेर जायचं नाही, मेल्या तर मरोत. चूल विझू द्यायची नाही, सरपण संपलं तर आदेलेचं कपाट जाळायचं. बॅटरी जपायची, दुपारी एकदाच रेडिओ लावायचा. हे त्याला तू सांगायचंस. तुझ्याशिवाय कुणाचा आवाज तिथे जात नाही.

आणि एक गोष्ट नीट ऐक. मी गाढवा म्हटलं तर तू गाढवाच म्हण. मी म्हटलं की तुझी हाडं मोडते, तर हाडं मोडते असंच सांग. तुझी ती माया आणि जमलं तर नको. माझ्याकडून गोड शब्द आला की त्याला कळेल मी घाबरलेय, आणि मग तोही घाबरेल. त्याच्या छातीला ते झेपणार नाही. मी शिव्या देतेय तोवर त्याला वाटेल, सगळं नेहमीसारखं आहे.

त्याने काय सांगितलं ते मला मात्र खरं सांग. शपथ आता मोडली, न्हाव्याने मोडली, तुझ्यावर पाप नाही. साखरपुड्याचं मी उघड्यावर बोलले ते खरं होतं, पण बोलायची जागा ती नव्हती. यापेक्षा जास्त माझ्याकडून निघणार नाही.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. आपल्यात तो कधी नव्हता, आता या वयात कुठून आणायचा? रेडिओ चालू असावा, म्हणजे झालं.

झेलिंदा

ता. क. उद्या दुपारी जुन्याच चॅनेलवर ये. मी बोलेन, तू त्याला सांग, मग थांब. त्याला दम लागतो, वेळ दे. तो बोलला तर त्याचे शब्द दे. तो बोलला नाही, तरी खट्ट करून बंद करायचं नाही. धूर दिसतो का ते सांग, दिसत नसेल तर दिसत नाही म्हण. पण उत्तर तूच द्यायचंस, ओत्ताविया. त्या बाजूचं दुसरं कुणी मला ऐकू येत नाही.