नंबर खरवडलेला पार्ट

प्रिय छोट्या,

फोन आईच्या खाटेपासून हातभर अंतरावर आहे आणि तिचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून हा कागद. शेजारचे ड्रायव्हरकाका आज तिकडे निघालेत, त्यांच्या हाती देते आहे.

ऑक्सिजनचं मशीन बंद पडल्यावर तिला सिलिंडरवर ठेवलं आणि ओट्यावरची भांडी बाजूला सारून मी पॉवर सप्लायचा बोर्ड उघडला. ॲल्युमिनियमच्या पट्टीला आवळलेला तीन पायांचा काळा पार्ट शॉर्ट झाला होता. त्यावरचा नंबर कंपनीनेच खरवडून टाकलेला. दुसऱ्या कुणी हात घालू नये म्हणून. फोनवर वर्णन ऐकून तू ट्रान्झिस्टर म्हणालास, मलाही तसंच वाटलं. मग भिंग घेऊन बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांचा माग काढला. कडेचे दोन पाय ट्रान्सफॉर्मरकडे जात होते, मधला सरळ मोठ्या कपॅसिटरकडे. ट्रान्झिस्टर कसला डोंबलाचा, एकाच पोटात दोन डायोड! बाबा असते तर दोघांचेही कान पिरगाळले असते. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातलं भंगार उपसून तसाच एक, थोडा दणकट, शोधला आणि बसवला. मशीन घुरघुरायला लागलं. मला इतका आनंद झाला की हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवायचंही भान राहिलं नाही.

आई खाटेवरून सगळं बघत होती. मी नळी तिच्या नाकाशी नेली तर तिने माझा हात धरला. म्हणाली, “छान केलंस. आता बंद कर.” मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. तशी ती हसली, दम लागेपर्यंत. “तुला दुरुस्ती जमते गं. म्हणून मी थांबत राहायचं का?”

मी रडले, भांडले, जेवायची नाही म्हणाले. ती ढिम्म. डॉक्टरीणबाई येऊन तिच्याशी एकटीशी बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “आई पूर्ण शुद्धीत आहेत, त्यांचं ऐकायला हवं. जीव घाबरा होऊ नये म्हणून औषध देते.” काल सिलिंडरही तिने काढायला लावला. आता दोन शब्द बोलते आणि डोळे मिटते.

तुला कळवायचं नाही, असं तिने बजावलंय. नोकरी टाकून धावत येशील म्हणून. मी ऐकणार नाही. पण तिची समजूत घालायला येऊ नकोस, छोट्या, मी घालून थकले. तिच्या उशाशी बसायला ये. मला एकटीला हे बघवत नाही.

तुझीच,
ताई