स्वच्छतागृहाचा बिल्ला बंद करणेबाबत

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
गणवेश शिवण कारखाना.

विषय : स्वच्छतागृहाचा बिल्ला कायमचा बंद होणेबाबत.
संदर्भ : नियम क्रमांक नऊ (सुचवणारी : अर्जदार स्वतः).

महोदय,

अर्जदार ही शिवण विभागाची पर्यवेक्षिका असून सविनय कळवते की,

१. विभागात बाया बत्तीस आणि स्वच्छतागृहाचा लाकडी बिल्ला एक. एकीने तो आणून खिळ्याला अडकवल्याखेरीज दुसरीने उठू नये, ही नामी युक्ती अर्जदाराच्याच डोक्यातून निघाली. खिळाही तिनेच, स्वतःच्या खुर्चीमागे ठोकला, म्हणजे बिल्ला तिच्याकडेच मागावा लागेल.

२. बायांना वळण लागावे म्हणून अर्जदाराने स्वतःसाठी बिल्ला कधी वापरला नाही. सकाळी दोन घोट पाणी, पुढचे सगळे घरी गेल्यावर. बाया तिला मागून 'रांजण' म्हणत. तो मान आहे, अशी अर्जदाराची अकरा वर्षे समजूत होती.

३. गेल्या महिन्यात रांजण तडकला. कमरेत अशी कळ उठली की अर्जदार कापडाच्या ताग्यांवर गडबडा लोळली. मूत्रनलिकेत हरभऱ्याएवढा खडा अडकून वाट बंद, वर मूत्रपिंड सुजलेले. "दिवसाला पाणी किती पिता?" असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. अर्जदाराने अभिमानाने सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवले.

४. खडा काढला. आत महिनाभरासाठी बारीक नळी बसवली आहे, तिच्यापायी दर अर्ध्या तासाला उठावे लागते. तेवढ्यापुरती सूट मागावी, एवढाच मूळ बेत होता.

५. परंतु काल रुजू होताच अर्जदाराने बिल्ल्यासाठी हात पुढे केला. अर्जदार रजेवर गेल्यापासून तो काजे करणारीच्या ताब्यात असतो. ती गंभीरपणे म्हणाली, "खरंच लागलीय का ताई, की उगाच पाय मोकळे करायला?" बिल्ला देताना दर वेळी विचारायचे हे वाक्य अर्जदाराचे. हेलसुद्धा तिचाच. सगळी मशिने थांबली, बाया हसल्या, अर्जदारही हसली; आणि त्या हसण्याचा परिणाम कपड्यांवर झाला. तेव्हा त्याच काजेवालीने आपला एप्रन सोडून अर्जदाराच्या कमरेला बांधला व कानाशी म्हणाली, "आमचंही होतं असं. सांगणार कुणाला? बिल्ला धरून तुम्हीच बसायचात."

६. सबब सूट नको. नियमच रद्द व्हावा, व फाटकापाशी ठेवलेले पाण्याचे पिंप विभागात यावे, ही विनंती.

आपली नम्र, आणि आता पाणी पिणारी,
पर्यवेक्षिका, शिवण विभाग

दिनांक : रुजू झाल्याचा दुसरा दिवस

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला.
२. खडा, डबीत. निर्णय होईपर्यंत आपल्या टेबलावर ठेवावा.
३. बिल्ला, खिळ्यासह. परत पाठवू नये.