पंखेवाल्याच्या घरचा उन्हाळा

ता. ६ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं परदेशी पोचल्याचं पत्र मिळालं. मोठा कागद आप्पांना वाचून दाखवला. तिकडे दुपारी खिडकीशी बसलं तर शाल घ्यावीशी वाटते, हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांची नजर अधू झाल्यापासून मोठा कागद त्यांच्यासाठी आणि आतली चिठ्ठी माझ्यासाठी, ही सोय आपण लावून घेतली ते बरंच झालं. तेव्हा ही सगळी चिठ्ठीच समज. हिच्यात शालीसारखं गोड काही नाही.

इथे दुपारी नळ सोडला तर पहिली बादली ओतून द्यावी लागते, इतकं पाणी तापलेलं असतं. आप्पांच्या सोबतीला म्हणून मी शिलाईमशीन त्यांच्या खोलीत आणलंय. कात्री हातात धरवत नाही आणि कापडावर घामाचे ठिपके पडतात, म्हणून पांढरं काम घेणं मी बंद केलंय.

आता मुद्द्याचं. आप्पांच्या खोलीतला पंखा कुठे आहे? छताला नुसता हूक आहे आणि दोन वायरी लोंबताहेत. शेजारचा न्हावी म्हणाला की निघायच्या आदल्या दिवशी तूच तो खांद्यावर टाकून दुकानात नेलास, घरघर करतो म्हणून. गावभरचे पंखे तुझ्या हाताने फिरतात आणि जन्मदाता हुकाकडे बघत पडलाय. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकलं होतं, पण तुझ्या दिव्याखाली भट्टीही आहे. ऐन हंगामात दुकान बंद करून हवा खायला गेलेला पंखेवाला बघायला गिऱ्हाइकं रोज दारात येतात आणि मला तोंड द्यावं लागतं.

दुसरा मेकॅनिक बोलावते म्हटलं, तर आप्पा म्हणाले की घरात पंखेवाला असताना परक्याचा हात लागू देणार नाही. माझ्या घरी चला म्हटलं, तर म्हणाले की तुझी पत्रं या पत्त्यावर येतात आणि चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस पत्ता सोडून जात नाही. परवा आंघोळ करून आले आणि खुर्चीत बसताबसता त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी बजावलंय की या वयात हा उकाडा झेपायचा नाही, खोलीत वारा हवाच. तेव्हा हवापालट आटोपला की जरा कळव, पंख्याचं काय करायचं.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायची ताकद या उन्हात माझ्यात नाही.

तुझी,
ताई


ता. १४ जून

ती. आप्पांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही उभयता कुशल आहोत. हवा फार सुखाची आहे. मेव्हण्याचं घर उंचावर असल्याने वारा भरपूर. समुद्रावर फिरायला जातो. आपण दुपारचं उन्हात बाहेर पडू नये आणि पाणी पीत जावं. सुनेचा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

(आतली चिठ्ठी)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. मी आप्पांच्या पंख्याची मोटर नव्या तारेने भरली, वार्निश मारून टेबलावर सुकायला ठेवली, आणि तेवढ्यात तुझी भावजय टॅक्सी घेऊन दुकानाच्या दारात आली. शटर ओढलं, कुलूप लावलं आणि निघालो. विमानात बसल्यावर आठवलं. हिला सांगितलं तर ती म्हणाली की आता वरून उडी मारणार आहात का.

कुलूप फोडू नकोस. आत गिऱ्हाइकांचे अकरा पंखे आहेत. याच पाकिटात किल्ली ठेवली आहे. वायरी कशा जोडायच्या त्याचं चित्र मागच्या बाजूला काढलंय, रंग लिहिलेत. तुझा हात सुबक आहे, तुला जमेल.

आता खरं सांगतो. शाल वगैरे काही नाही. आगीतून फुफाट्यात आलोय. गार हवेला जातो म्हणून सगळ्या आळीत मीच सांगत सुटलो होतो, आता कोणत्या तोंडाने लिहू? मेव्हणा आम्हाला घराच्या किल्ल्या देऊन स्वतः डोंगरावर पळाला. घर उंचावर आहे म्हणजे अगदी पत्र्याखाली आहे. छताला पंखा या इमारतीत कुठेच नाही, कारण म्हणे इथे उन्हाळा नसतो. ही दिवसभर बादलीत पाय सोडून बसते आणि भावाचा उद्धार करते.

इथल्या लोकांची अक्कल तर विचारू नकोस. भर दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकतात आणि घर तापलं म्हणून पुन्हा हेच रडणार. मी खुणा करून सांगितलं की सकाळी उघडा, नऊला बंद करा, ओली चादर लावा. ते हसले. मग वाळूवर जाऊन उघड्या अंगाने पडले आणि भाजले की कूस बदलत राहिले. सुटी घेऊन उन्हात पडायचं, याला इथे मौज म्हणतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचा जुना टेबलफॅन अडकला होता, तो तेवढा सुरू करून दिला. पान्हे बॅगेत होतेच.

आप्पांना सांभाळ. माझ्यावरचा राग उतरला की लोभही कळव.

तुझा,
धाकटा


ता. २३ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद देते, पण आज हात आखडता आहे.

तुझं पाकीट आलं. कोपऱ्याला बोटभर भोक होतं आणि आत किल्ली नव्हती. अरे, पोस्टमनचा मुलगा ना तू? पाकिटात टणक वस्तू घालू नये, शिक्क्याच्या यंत्रात ती कागद फाडून बाहेर पडते, हे आप्पांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. नेहमीप्रमाणे पाकीट आधी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भोकावरून अंगठा फिरवला आणि पाकीट माझ्याकडे दिलं. मला वाटलं, विचारतील. विचारलं नाही, म्हणून जास्त लागलं.

आणि तू तिकडे म्हाताऱ्यांचे टेबलफॅन सुरू करतोस. वा! सातासमुद्रापार जाऊन तू परक्या म्हातारीला वारा घालतोस आणि इथे मी शर्टाची पाठ आखायच्या पुठ्ठ्याने तुझ्या बापाला वारा घालते. एका हाताने पुठ्ठा आणि एका हाताने मशीनचं चाक, अशी चार गिऱ्हाइकांची कापडं वाकडी शिवली आहेत. वर तू तिकडच्या लोकांची अक्कल काढतोस. त्यांनी निदान आपल्या खिडक्या उघड्या टाकल्यात, दुसऱ्याचा पंखा कुलपात ठेवलेला नाही.

तुझ्या बायकोला सांग, बादलीत बसायचंच होतं तर बादली इथेही होती.

यंदा पावसाचा अजून पत्ता नाही आणि आप्पांचं जेवण अर्ध्यावर आलंय. दुपारभर डोळे मिटून असतात. झोप लागली का विचारलं तर म्हणतात की पंख्याची घरघर येते का ते ऐकतोय. मी घाबरले आहे रे. राग येतो म्हणून हे सगळं लिहिते, नाहीतर नुसतं रडू येईल. उद्या सकाळी कुलूपवाल्याला घेऊन तुझं कुलूप तोडणार आहे. गिऱ्हाइकांचे अकरा पंखे मी मोजून न्हाव्याच्या माडीवर ठेवीन. तुझं चित्र आहेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं ऐकायची वेळ आली, दुसरं काय.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई


ता. १ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी मोठा कागद लिहायला बसलो आणि दोन ओळींच्या पुढे गेलो नाही, म्हणून ही नुसतीच चिठ्ठी. आप्पांना काय वाचून दाखवायचं ते तूच ठरव.

म्हातारीने सगळ्या इमारतीत सांगितलं असावं. तळघरांतून, माळ्यांवरून कुणाकुणाचे पंखे आले. या आठवड्यात सोळा केले. जिन्यात ओळखीचं हसू मिळतं आणि मेव्हण्याला डोंगरावर निरोप गेला की तुझा पाहुणा फार गुणी आहे. ही म्हणते, सुटी म्हणजे दुकानच तर झालं, फक्त हंगाम चुकीच्या गावात आला. काल म्हातारीने दोन्ही भाषा येणाऱ्या एका शेजारणीकडून विचारलं की तुझे वडील आहेत का. आहेत म्हणालो. मग तिने विचारलं की त्यांच्याकडे पंखा आहे का. मी मान हलवली, कोणत्या बाजूला ते मलाच माहीत नाही.

तुझं पत्र वाचून मला फार लाज वाटते. परतीच्या तिकिटाला तीन आठवडे आहेत, ते बदलता येतं असं कळलं. निघू का? हिने सामान काढून ठेवलंय, पण तू ‘ये’ म्हण. तू म्हटलंस तर मला आप्पांपुढे उभं राहता येईल.

तुझा,
धाकटा


ता. २ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. सूनबाईंस आशीर्वाद.

हे पत्र मी शेजारच्या न्हाव्याकडून लिहवून घेतोय. दुपारचं गिऱ्हाईक नसतं आणि त्याचं अक्षर बरं आहे. ताईने लिहिलं असतं तर तिने आत आणखी एक चिठ्ठी घातली असती.

चाळीस वर्षं पाकिटं हातावर तोलली. एका कागदाचं पाकीट आणि दोन कागदांचं पाकीट मला डोळे असतानाही हातानेच कळायचं. तुम्हा भावंडांच्या पाकिटात नेहमी दोन कागद असतात, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. विचारलं नाही. टपाल वाटणाऱ्याने आतलं विचारू नये. शालीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, कारण तिथे दर वेळी ताईचा आवाज अडखळत होता. किल्लीचं भोकही हाताला लागलं. पोस्टमनच्या घरात असला गाढवपणा व्हावा, याचं उन्हापेक्षा जास्त वाईट वाटलं. बाकी मी पंख्यावाचून सोसलं. तुम्ही दोघं मला इतकं जपता की खरं काही सांगतच नाही, ते मात्र सोसवेनासं झालंय. मी म्हातारा झालोय, नाजूक नाही.

पंखा लागला. ताईने स्टुलावर चढून स्वतः जोडला. तो उलटा फिरतो. ती म्हणते, तुझं चित्र चुकलं. मी म्हणतो, तिने ते कापडासारखं उलट्या बाजूने वाचलं, शिंपिणीला तीच सवय. दोघांचंही खरं असेल. सगळा वारा वर जातो आणि छत गार राहतं. कोळ्यांची चांगली सोय झाली आहे. वारा मला बेताचाच लागतो, पण पातं फिरल्याचा आवाज येतो म्हणून तेव्हापासून दोन घास जास्त जातात. डॉक्टर म्हणाले की पाऊस लांबलाय, एवढ्याने भागणार नाही. न्हाव्याचा वायरमन मेव्हणा पंखा सुलटा करायला तयार आहे, ताईही पुन्हा स्टुलावर चढायला निघाली होती. मी दोघांना हात लावू दिला नाही. तू भरलेली मोटर आहे, ती तूच सुलटी करायची.

तिकडे शाल लागते की, ताई रागात पुटपुटते तशी, बादली लागते, हे मी विचारत नाही. आल्यावर समोर बसून सांग. तारीख कळवायला पत्र पाठवू नकोस, पत्राच्या आधी तू ये. पान्हे विसरू नकोस.

ताईला हे पत्र दाखवलेलं नाही. पाकिटात हा एकच कागद आहे. हातावर तोलून बघ, म्हणजे कळेल.

तुझा,
आप्पा