प्राजक्ताची ओळ

मंगळवार, घरी आल्या आल्या

साहेबांनी आज प्राजक्ताची ओळ घेतली. माझा परिच्छेद नाही घेतला.

कागलच्या कारखान्यांतली यंत्रं चालवायला आमच्या कंपनीनं एक छोटी भाषा केलीय. तिच्यात पॅटर्न, म्हणजे यंत्रानं काय ओळखायचं ते, लिहिताना 'हा किंवा तो' म्हणायला मधे उभी रेघ लागते. लोक हमखास स्वल्पविराम देतात आणि लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर नुसता "चूक" म्हणून खेकसतो. तो नीट बोलावा म्हणून मी आठवडाभर खपलो. नियम लिहिला, कारण लिहिलं, उदाहरण दिलं. आणि प्राजक्तानं? डबा खाता खाता खरडलं: "इथं 'किंवा' म्हणायचंय का? मग स्वल्पविराम काढून उभी रेघ द्या."

एवढंच! हे काय मला सुचलं नसतं? मग सुचलं का नाही?

वर सगळ्यांदेखत म्हणते, "तुझं वाचून हुईपर्यंत माणूस रंकाळ्याला फेरी मारून येतंय की!" साहेबसुद्धा हसले. मलकापुरातनं आलेली पोरगी, वर्षही झालं नाही तिला इथं. माझा शब्दन् शब्द बरोबर होता. बरोबर असून काय उपयोग?

सगळे गेल्यावर धुसफुसत काम उरकत होतो. घाईत मीच स्वल्पविराम दिला. स्क्रीनवर दुपारीच बसवलेली तिची ओळ आली. नियम मला तोंडपाठ, पण त्या क्षणी तो आठवलासुद्धा नाही. मुकाट्यानं उभी रेघ दिली. चाललं.

आणि लगेच मागं वळून बघितलं, तिची खुर्ची रिकामी आहे ना.