कैकरांच्या घरट्यातला परका

पासिर रिस, जून

प्रिय वल्लरी,

सासऱ्याने सुनेला एकाच फ्लॅटमध्ये राहून पत्र लिहावं, म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. समोर बसून काही बोलायला गेलो की तू आमटी गरम करायला उठतेस. आणि आज मला धीर धरवत नाहीये. पिल्लू बाहेर आलं! तू ऑफिसात होतीस, नाहीतर हात धरून लॅपटॉपसमोर बसवलं असतं.

फिनलंडमधल्या त्या कैकरांच्या घरट्याचा कॅमेरा मला आपल्या वरुणनेच लावून दिला होता, तो देवाघरी जायच्या आदल्या वर्षी. मासे धरणारा काय रुबाबदार शिकारी पक्षी आहे तो. थंडीत नर आणि मादी वेगवेगळे दक्षिणेला जातात आणि वसंतात पुन्हा त्याच घरट्यावर भेटतात. जंगलातली जुनी झाडं तुटली तेव्हा तिथल्या लोकांनी पाइनच्या शेंड्यांवर फळ्या ठोकून त्यांना माच बांधून दिले, म्हणून तर ते टिकले.

यंदा मादी आली, नर आलाच नाही. ती काठावर बसून राहायची आणि इथे माझा चहा गार व्हायचा. मग एके दिवशी दुसराच नर पंजात काटकी घेऊन उतरला. माझं टाळकंच सटकलं. ठाण्याच्या सोसायटीत इतकी वर्षं सेक्रेटरी होतो, तक्रारीची खोड जाते कुठे? सरळ कॅमेरा चालवणाऱ्या तिथल्या संस्थेला ईमेल ठोकली, घरट्यात परका शिरलाय, कारवाई करा. तिथल्या भल्या बाईंनी उत्तर दिलं की जुना नर वाटेत दगावला असावा, आणि आम्ही फक्त घरटी सांभाळतो, जोडीदार त्यांचे ते निवडतात. मी रुसून कॅमेरा उघडणंच सोडलं.

पण राहवेना. बघतो तर हा पठ्ठ्या तिला मासे आणून देतोय. ती खायला उठली की स्वतः अंड्यांवर बसतोय, तेही नख्या आत मुडपून, अंड्यांना लागू नयेत म्हणून. रागवायला त्याने जागाच ठेवली नाही. आज पिल्लाला तिने पहिला घास भरवला तो त्याने आणलेल्या माशाचा. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, आणि मग थोडा रडलो.

वल्लरी, गेले कित्येक रविवार इथल्या टेक्का मार्केटचं पापलेट स्वतः आणल्याचं सांगतेस. बाई गं, तुला मासा पारखता येत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. तुझ्या बँकेतला तो निशिकांत खाली पिशवी तुझ्या हातात देतो आणि इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवरूनच परत फिरतो, ते कॉरिडॉरच्या कठड्यावरून दिसतं. माझ्यापायी तू त्याला ताटकळत ठेवलं आहेस. वरुणची आठवण काढायला मी आहे, जन्मभर काढीन. तू लग्न कर. या रविवारी त्याला वर घेऊन ये. कालवण मी करतो.

तुझाच,
बाबा