गाण्यातला माणूस

पुणे, २४ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. वनमालाआत्यास,
कैवल्यचा सा. न. वि. वि.

दिवाळीला येऊ शकलो नाही, रागावला असाल. तुमचे कान गेल्यापासून फोन बंद आणि माझी गाणीही. म्हणून आमच्या रॉक बँडच्या नव्या गाण्याचे शब्द लिहून पाठवतोय. पोरं यावर उड्या मारतात.

सातव्या मजल्यावर माझं घर,
बेल आहे, वाजवणारं कुणी नाही.
कुरिअरवाला तेवढा नावानं हाक मारतो,
तीही सहीपुरती.

माणूस काल्पनिक आहे, काळजी नसावी. मी मजेत. बाबांना नमस्कार.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
आपला, कैवल्य

कळंब, ३० ऑक्टोबर

चि. कैवल्य यास अनेक आशीर्वाद.

गाणं तीनदा वाचलं. यावर उड्या कशा मारतात ते काही कळलं नाही बघ. गिटार फारच मोठ्यानं वाजवत असाल.

छत्तीस वर्षं पोरांचे निबंध तपासले मी. ‘एक मुलगा होता, त्याला घरी कुणी विचारत नव्हतं’ असं कुणी लिहिलं, की तो मुलगा कुठल्या बाकावर बसतो हे मला ठाऊक असायचं. रामहरी सांगतो, फोनवर तुझं सगळं उत्तम असतं. तुझ्या बापाला उत्तमच ऐकायला आवडतं. मला खरं लिही.

लोभ तर आहेच, थोडा इकडंही असू दे.
तुझी आत्या

पुणे, ५ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुमच्यापासून काही लपत नाही. गाण्यातला माणूस मीच.

बँड मोडला. ड्रमवाला नोकरीसाठी बंगळूरला चालला, बाकीच्यांना संसार आहेत. रविवारी, सोळा तारखेला, शेवटचा कार्यक्रम. जाऊच नये असं वाटतं. नंतर गिटार विकून टाकणार. गाण्यासाठी या शहरात आलो आणि आता शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत कुणाशी बोलणं होत नाही. सोमवारी पहिलं वाक्य घोगरं निघतं. बाबांना सांगू नका. गाण्याच्या नादी लागू नको म्हणाले होते, तेच खरं झालं.

कळावे.
कैवल्य

कळंब, ११ नोव्हेंबर

चि. कैवल्य यास आशीर्वाद.

बापाला तुझं काही सांगितलं नाही. पुण्याला कार्यक्रमाला जाते, एवढंच म्हटलं. ऐकू येत नाही तर जाऊन करणार काय, असं त्यानं पाटीवर लिहून विचारलं. त्याला उत्तर दिलं नाही, तुला देते.

कान गेले तशी माणसं माझ्याशी बोलायची थांबली. वाईट कुणीच नाही रे, दोन-दोनदा सांगून दमतात. चहा ठेवतात आणि जातात. भरल्या घरात दोन वर्षं मी अशीच बसून आहे. हे कुणाला बोलले नव्हते. तेव्हा तुझ्यावर उपकार करायला येत नाही मी.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते, स्टँडवर ये. कार्यक्रमाला दोघं जाऊ, मी पुढं बसेन. गिटारचं काय ते मग ठरव. पण दोन दिवस माझ्याशी बोल. मला ऐकू येणार नाही, तरी माझ्याकडं तोंड करून बोल.

तुझी,
वनमालाआत्या