अर्ध्या डावाचा निकाल

अण्णा, कंपनीतले जेवणाच्या सुट्टीतले बुद्धिबळाचे डाव तुम्ही विसरला नसाल. भोंगा झाला की डाव अर्धाच राहायचा आणि कोण जिंकत होतं ते ठरवायला तुम्हाला बोलवायचे. मी ते एकदाच पाहिलं, खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायचे तेव्हा. मशीनवर झेंडूच्या माळा, कॅन्टीनमध्ये रंगलेला डाव, आणि तेवढ्यात पूजेचं बोलावणं. "अण्णा, सांगा राव, कुणाचं बरं हाय?" तुमच्या दोस्तानं विचारलं. तुम्ही उंट पाहिले, प्यादी पाहिली, घोडा कडेला का नेला म्हणून हळहळलात, राजापुढची मोकळी घरं न्याहाळलीत. "थांबा की, बघायलोय," म्हणालात. आरती झाली, पेढे संपले, तरी तुमचं बघणं चालूच. मला तुमचा अभिमान वाटत होता आणि पेढा गेल्याचं वाईटही.

आता मी हिंजवडीत नोकरी करते आणि हौसेखातर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिते. त्याचंही काम तुमच्यासारखंच आहे. आपली खेळी, समोरच्याची खेळी, पुन्हा आपली, असं तो पुढे पुढे बघत जातो. पण वेळ थोडा असतो, म्हणून कुठेतरी थांबून अर्ध्या डावाचा निकाल द्यावाच लागतो. त्या निकालासाठी तुम्ही शिकवलेलं सगळं मी त्यात भरलं. तो हुबेहूब तुमच्यासारखा झाला. एकेका निकालाला इतका वेळ लागायला लागला की पुढचं बघायला सवडच उरेना. ऑफिसातल्या मित्राच्या प्रोग्रॅमला फक्त वजीर मोठा, प्यादं लहान एवढंच कळतं, पण तो भराभर बघतो आणि लांबवर बघतो. त्यानं माझ्या प्रोग्रॅमला धू धू धुतलं. मित्र म्हणाला, "तुझ्याला सगळं कळतं गं, पण दिसत काहीच नाही." मला राग आला. तुम्हालाच बोलल्यासारखं वाटलं.

मग तुमचा एकेक नियम काढून बघायला लागले. कडेच्या घोड्याचा काढला, प्रोग्रॅम सुधारला. लांबचं दिसायला लागल्यावर त्या घोड्याचं काय होणार हे त्याला आपोआपच कळत होतं. एकामागे एक अडकलेल्या प्याद्यांचा काढला, आणखी सुधारला. यात तुमचं काही उरणार की नाही, एवढीच धाकधूक होती. शेवटी राजापुढच्या प्याद्यांचा नियम काढला आणि तो सपाटून हरायला लागला. राजावरचा हल्ला त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर शिजतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लहानपणी मी ते प्यादं उगाच पुढे ढकललं की तुम्ही ओरडायचात, "दार उघडं टाकून कुठं निघालीस?" तेवढा नियम परत घातला.

आज दुपारी मित्राच्या प्रोग्रॅमविरुद्ध आम्ही जिंकलो, अण्णा. येताना आकुर्डीत उतरून पेढे घेतले आणि घरी येऊन एकटीनंच खाल्ले. मजेत आहे मी. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ताच उरला नाही, म्हणून एक सांगून टाकते. राजाकडे बघायची वेळ आली की आमचा प्रोग्रॅम जरा रेंगाळतो. मित्र वैतागून विचारतो, "अडकला का?" मी म्हणते, "थांब की, बघायलाय." तेवढा भाग जलद कसा करायचा ते मला कधीचंच ठाऊक आहे. करत नाही.